घटक ४ : मानसशास्त्रीय चाचण्या : उपयोग, भाषा आणि नैतिक मानदंड

४.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• मानसशास्त्रीय चाचणीचे स्वरूप व तिचे प्रमुख उपयोग सांगता येतील.
• चाचणीच्या गुणांकाची मर्यादा उदाहरणासह स्पष्ट करता येईल.
• परभाषेतील चाचणी मराठीत आणताना उद्भवणाऱ्या भाषिक अडचणी ओळखता येतील.
• चाचणी घेणाऱ्याने पाळावयाच्या नैतिक मानदंडांचे विवेचन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मराठीच्या अभ्यासक्रमात मानसशास्त्रीय चाचण्यांचे प्रयोजन काय, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर साधे आहे. बहुतेक चाचण्या भाषेच्या बनलेल्या असतात. सूचना भाषेत दिल्या जातात, प्रश्न भाषेत विचारले जातात, उत्तरे भाषेत नोंदवली जातात आणि निष्कर्षही भाषेतच लिहिला जातो. यांपैकी एका ठिकाणी जरी भाषा चुकली, तरी चूक माणसाच्या माथी मारली जाते. 'मंदबुद्धी', 'अपात्र', 'असंतुलित' असा एखादा शब्द कागदावर उमटतो आणि वर्षानुवर्षे त्या व्यक्तीच्या मागे चालत राहतो.

आपल्यापैकी काही जण शिक्षक असतील, काही अंगणवाडी सेविका, परिचारिका किंवा पोलीस दलात असतील. अनेक जण पालक तर नक्कीच असतील. चाचणीचा अहवाल हाती येण्याचा प्रसंग आपणां सर्वांवर केव्हा ना केव्हा येतो. तो कसा वाचावा आणि त्यावर कोणते प्रश्न विचारावेत, हे ठाऊक असणे सुजाण नागरिकाचे काम आहे. या घटकातील मराठी वाक्यांची उदाहरणे विवेचनासाठी तयार केलेली आहेत. वापरात असलेल्या चाचणीतील प्रश्न जाहीर करणे हेच नीतीला सोडून आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ चाचणी म्हणजे काय?

एखाद्या व्यक्तीच्या वर्तनाचा नमुना ठरावीक परिस्थितीत, ठरावीक सूचना देऊन घेणे आणि त्याला ठरावीक पद्धतीने गुण देणे, म्हणजे मानसशास्त्रीय चाचणी होय. या व्याख्येतील 'नमुना' हा शब्द महत्त्वाचा आहे. शितावरून भाताची परीक्षा करता येते, पण शीत म्हणजे भात नव्हे. पाऊण तासात सोडवलेली प्रश्नपत्रिका म्हणजे त्या माणसाची बुद्धी नव्हे. तो तिचा एक नमुना आहे.

चांगल्या चाचणीच्या अंगी तीन गुण असावे लागतात. पहिला गुण विश्वसनीयता. त्याच व्यक्तीला तीच चाचणी काही काळाने दिली असता निष्कर्ष साधारण तोच यावा. दुसरा गुण वैधता. जे मोजण्याचा दावा आहे तेच मोजले जावे. गणिती तर्काची चाचणी म्हणून दिलेला प्रश्न जर अवघड वाक्यरचनेमुळे सुटत नसेल, तर तेथे तर्क मोजला जात नाही, वाचन मोजले जाते. तिसरा गुण प्रमाणीकरण. एका व्यक्तीचे गुण कोणत्या समूहाच्या गुणांशी ताडून पाहायचे, हे मोठ्या व प्रातिनिधिक समूहाला चाचणी देऊन आधी निश्चित केलेले असावे लागते. या तुलनेच्या कोष्टकांना मानके म्हणतात. मानके जुनी होतात. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना करणे योग्य ठरत नाही.

४.२.२ चाचण्यांचे उपयोग

१) शिक्षण : अध्ययनात मागे पडणाऱ्या मुलाची अडचण नेमकी कोठे आहे हे शोधणे, हा चाचणीचा एक जुना उपयोग होय. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये जी बुद्धिमापन श्रेणी तयार केली, तिचा हेतू विशेष शिक्षणाची गरज असलेली मुले ओळखणे हा होता. मुलांवर कायमचा शिक्का मारण्यासाठी ती नव्हती. बुद्धी ही न बदलणारी राशी आहे हे मत बिने यांना मान्य नव्हते.

२) मार्गदर्शन : दहावीनंतर कोणती शाखा निवडावी यासाठी अभिक्षमता व अभिरुची चाचण्या दिल्या जातात. येथे चाचणी पर्याय सुचवते. निर्णय विद्यार्थ्याचा असतो.

३) निवड : भारतीय सेनादलांतील अधिकाऱ्यांच्या निवडीत सेवा निवड मंडळे मुलाखतीबरोबरच शब्दसाहचर्य, चित्रावरून कथालेखन इत्यादी चाचण्यांचा वापर करतात. उद्योगधंद्यांतही भरतीसाठी चाचण्या घेतात. मात्र चाचणीचा कामाशी संबंध असला पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात हेच तत्त्व ठरवून दिले. जी चाचणी प्रत्यक्ष काम करण्याच्या क्षमतेशी निगडित नाही आणि जिच्यामुळे कृष्णवर्णीय उमेदवार मोठ्या प्रमाणात बाहेर राहतात, ती भरतीची अट म्हणून लावता येणार नाही, असा तो निर्णय होता.

४) चिकित्सा व प्रमाणपत्र : नैराश्य, चिंता, स्मृतिभ्रंश यांच्या निदानास चाचण्यांचे साहाय्य होते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ यात बौद्धिक दिव्यांगत्व आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा समावेश आहे. त्यांचे प्रमाणपत्र मिळण्यासाठी चाचणी आवश्यक ठरते. परीक्षेतील सवलत, राखीव जागा, शासकीय साहाय्य अशा अनेक गोष्टी त्या कागदावर अवलंबून असतात.

आता एक आकडेमोड पाहू. बुद्धिमापन चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ धरण्याची पद्धत आहे. समजा, एखाद्या चाचणीचा विश्वसनीयता गुणांक ०.९१ आहे. हा गुणांक चांगला मानला जातो. तरीही तिची प्रमाण मापनत्रुटी १५ × √(१ − ०.९१) = १५ × ०.३ = ४.५ येते. शंभरांपैकी पंचाण्णव वेळा खरा गुण ज्या मर्यादेत असेल, ती मर्यादा काढण्यासाठी ही त्रुटी साधारण दुप्पट करतात. म्हणजे दोन्ही बाजूंना ९. एखाद्या मुलाचा बुद्ध्यांक ६८ आला, तर त्याचा अर्थ 'सुमारे ५९ ते ७७ यांच्या दरम्यान' असा होतो. बौद्धिक दिव्यांगत्वाची रेषा ७० च्या आसपास मानली जाते. हे मूल त्या रेषेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे केवळ आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून दैनंदिन व्यवहारातील कौशल्यांची स्वतंत्र तपासणी करावी लागते. अहवालात नुसता आकडा लिहून मर्यादा न लिहिणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
अ) बिने-सिमाँ श्रेणी कोणत्या हेतूने तयार झाली?
आ) 'मानके' म्हणजे काय?
इ) प्रमाण विचलन १५ व विश्वसनीयता ०.८४ असल्यास प्रमाण मापनत्रुटी किती?

४.२.३ इतिहासाने दिलेला धडा

बिने यांची श्रेणी अटलांटिक ओलांडून गेली आणि तिचा हेतू बदलला. हेन्री गोडार्ड यांनी ती इंग्रजीत आणली आणि १९१३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरणाऱ्या स्थलांतरितांना दुभाष्यामार्फत दिली. दीर्घ समुद्रप्रवासाने थकलेली, अनोळखी अधिकाऱ्यांपुढे भेदरलेली ती माणसे होती. काहींनी आयुष्यात पेन्सिलही हाती धरलेली नव्हती. तपासलेल्यांपैकी बहुसंख्यांना 'मतिमंद' ठरवण्यात आले. आपण या देशात नवे आलो तेव्हा आपल्यालाही हे जमले नसते, असे एका दुभाष्याने तेथेच सांगितल्याची नोंद आहे. तरीही निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

पहिल्या महायुद्धात रॉबर्ट यर्क्स यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या सैन्यातील सुमारे १७ लाख लोकांना सामूहिक चाचण्या देण्यात आल्या. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी 'आल्फा' आणि निरक्षर वा अन्यभाषिकांसाठी चित्रांवर आधारित 'बीटा' अशी विभागणी होती. विभागणीमागचा विचार योग्य होता. परंतु आल्फामध्ये बाजारातील विशिष्ट उत्पादनांची नावे ओळखण्यासारखे प्रश्नही होते, आणि असे प्रश्न बुद्धीपेक्षा अमेरिकेतील वास्तव्य अधिक मोजतात. या माहितीच्या आधारे कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये युरोपातील वंशांची बौद्धिक प्रतवारी मांडली. इंग्रजी न बोलणाऱ्या घरांत वाढलेल्यांची अशी तुलना निराधार असल्याचे त्यांनीच १९३० मध्ये जाहीरपणे मान्य केले. चूक मान्य करण्याचा हा प्रामाणिकपणा दुर्मीळ होता. परंतु मधल्या सात वर्षांत त्या मांडणीचा प्रचार होऊन गेला होता.

पुढे १९७० मध्ये कॅलिफोर्नियातील डायना खटल्यात हाच प्रश्न न्यायालयापुढे आला. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची चाचणी इंग्रजीतून घेऊन त्यांना मतिमंदांच्या वर्गात टाकण्यात आले होते. मुलांची चाचणी त्यांच्या घरच्या भाषेतही घेतली जावी, हे त्या खटल्यातील तडजोडीने मान्य झाले. एलिस बेटावरील दुभाष्याला जे एका दृष्टिक्षेपात दिसले होते, ते नियमात उतरायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला.

४.२.४ चाचणीची भाषा : मराठीच्या संदर्भात

आपल्याकडे भारतीय भाषांत चाचण्या आणण्याचे प्रयत्न लवकर सुरू झाले. व्ही. व्ही. कामत यांनी बिने श्रेणीचे मराठी व कन्नड रूपांतर केले. १९३० च्या दशकात ते पूर्ण झाले. सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कृती-चाचणी संचात ठोकळे, आकृती, चित्रजुळणी यांचा वापर करून भाषेवरील भार कमी केला. निरक्षर व्यक्तींचाही त्यांनी विचार केला होता. ही कामे पायाभूत आहेत. मात्र भाषांतर झाले म्हणजे चाचणी आपली झाली, असे मानता येत नाही. मराठीच्या बाबतीत पुढील अडचणी विशेष जाणवतात.

अ) नकारार्थी विधाने : 'मला रात्री नीट झोप लागत नाही' या विधानापुढे 'हो' किंवा 'नाही' यांवर खूण करायची आहे. एक जण 'हो' निवडतो. त्याला म्हणायचे असते, 'हो, लागत नाही.' दुसरा 'नाही' निवडतो. त्यालाही म्हणायचे असते, 'नाही, लागत नाही.' दोघांचा त्रास एकच, गुण मात्र परस्परविरुद्ध. मराठी संभाषणात दोन्ही उत्तरे नैसर्गिक आहेत. म्हणून शक्य तेथे विधान होकारार्थी करावे : 'मला रात्री वारंवार जाग येते.'

आ) लिंगभेद : इंग्रजीत प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नसते, मराठीत असते. 'मी लवकर चिडतो' असे छापील वाक्य वाचणाऱ्या स्त्रीला ते वाक्य दुसऱ्याचे वाटते. 'चिडतो/चिडते' असा तिरकस रेघेचा उपाय सोपा, पण वाचन अडखळवणारा आहे. 'मला लवकर राग येतो' ही रचना अधिक चांगली, कारण तेथे क्रियापद 'राग' या शब्दाप्रमाणे चालते.

इ) वाक्प्रचार : घाबरल्यावर इंग्रजी माणसाच्या पोटात फुलपाखरे असतात, मराठी माणसाच्या पोटात गोळा येतो. नैराश्य सांगताना आपल्याकडे अनेक जण 'उदास वाटते' असे म्हणत नाहीत. 'कशातच जीव लागत नाही', 'डोके जड होते', 'अंगात त्राण नाही' असे म्हणतात. शब्दशः भाषांतर केलेली प्रश्नावली या माणसांपर्यंत पोहोचत नाही आणि त्यांचा आजार नोंदीबाहेर राहतो.

ई) शब्दांची लांबी : स्मरणाच्या चाचणीत अंकमालिका ऐकवून ती परत म्हणायला सांगतात. एलिस व हेनेली यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की वेल्श भाषेतील अंकनावे उच्चारायला इंग्रजीपेक्षा अधिक वेळ घेतात आणि त्यामुळे वेल्शमधून चाचणी दिल्यास स्मरणातील अंकांची संख्या कमी भरते. स्मरणशक्ती तीच, फरक शब्दांचा. याचा अर्थ असा, की एका भाषेची मानके दुसऱ्या भाषेला जशीच्या तशी लावता येत नाहीत.

उ) बोली : हा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे एका चित्र-नामकरण चाचणीचा मराठी मसुदा भाषा तपासणीसाठी आला होता. त्याच्या पूर्वचाचणीच्या उत्तरपत्रिकांत विदर्भातील एका नऊ वर्षांच्या मुलाची उत्तरपत्रिका होती. केळीच्या चित्रापुढे त्याने 'केयी' म्हटले होते, डोळ्यापुढे 'डोया', पाण्यापुढे 'पानी'. तिन्ही ठिकाणी शून्य गुण होते आणि शेऱ्याच्या रकान्यात 'उच्चारदोष. शब्दसंपत्ती अल्प' असे लिहिलेले होते. वऱ्हाडी बोलीत 'ळ'च्या जागी 'य' आणि 'ण'च्या जागी 'न' येणे हा नियम आहे, दोष नव्हे. त्या मुलाने तिन्ही वस्तू अचूक ओळखल्या होत्या. गुण देणाऱ्याला मात्र त्याची बोली ओळखता आली नव्हती. चाचणी अजून मसुद्यातच असल्याने गुणदानाचे नियम बदलता आले. ती वापरात आल्यानंतर हा शेरा कोणी तपासला असता, हा प्रश्न मात्र मनातून जात नाही.

अध्ययन अक्षमतेच्या तपासणीतही लिपीचा विचार करावा लागतो. इंग्रजीत लेखन व उच्चार यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. देवनागरीत तो बराच बसतो. मराठी मुलाच्या चुका जोडाक्षरे, रफार, अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांभोवती एकवटतात. त्यांतील ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तर पदवीधरांच्याही होतात. इंग्रजी स्पेलिंगवर बेतलेल्या कसोटीने या चुकांचा अर्थ लावणे सदोष ठरते.

यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय चाचणी आयोगाने चाचण्यांच्या भाषांतर व अनुकूलनासाठी मार्गदर्शक तत्त्वे तयार केली असून त्यांची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. या क्षेत्रातील प्रचलित पद्धती थोडक्यात अशी : दोन भाषांतरकारांनी स्वतंत्रपणे भाषांतर करावे, मूळ चाचणी न पाहिलेल्या तिसऱ्याने त्याचे प्रतिभाषांतर करावे, भाषातज्ज्ञ व मानसशास्त्रज्ञ यांनी तफावत तपासावी, लहान समूहावर पूर्वचाचणी घ्यावी, आणि शेवटी त्या भाषिक समूहासाठी नवी मानके काढावीत. प्रतिभाषांतर जुळले म्हणजे काम संपले असे मात्र नाही. शब्दशः केलेले वाईट भाषांतरही उलट फिरवताना हुबेहूब जुळते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) 'मी सहज घाबरतो' हे विधान लिंगनिरपेक्ष करून लिहा.
आ) 'डोया' हे उत्तर चुकीचे का मानू नये?
इ) प्रतिभाषांतर म्हणजे काय?

४.२.५ नैतिक मानदंड

अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने आपली पहिली नीतिसंहिता १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हापासून विविध देशांतील व्यवसाय-संघटनांनी अशा संहिता स्वीकारल्या आहेत. त्यांतील चाचणीविषयक मुख्य तत्त्वे पुढीलप्रमाणे मांडता येतील.

१) सक्षमता : ज्याला चाचणी देण्याचे, गुण देण्याचे आणि अर्थ लावण्याचे प्रशिक्षण आहे त्यानेच ती द्यावी. भारतात १९९२ च्या कायद्यानुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. अहवालाखाली सही करणाऱ्याची पात्रता व नोंदणी विचारण्यात संकोच बाळगू नये.

२) सुजाण संमती : चाचणी कशासाठी, निष्कर्ष कोणाला दिसणार, नकार देता येईल का, हे परीक्षार्थीला त्याला समजेल अशा भाषेत सांगावे. समजलेच नाही अशा मजकुराखालची सही ही संमती नव्हे. मूल लहान असल्यास पालकांची संमती घ्यावी आणि मुलालाही त्याच्या शब्दांत कल्पना द्यावी. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नार्को विश्लेषण, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरी तपासणी यांचा सक्तीने वापर करण्यास मनाई केली. या तपासण्या येथील चाचण्यांहून वेगळ्या आहेत; परंतु माणसाच्या मनात त्याच्या इच्छेविरुद्ध डोकावता येणार नाही, हे तत्त्व दोन्हींना लागू पडते.

३) गोपनीयता : मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ अन्वये मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस आपल्या आरोग्य व उपचारांविषयीच्या माहितीबाबत गोपनीयतेचा हक्क आहे. स्वतःच्या वा इतरांच्या जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असणे असे त्याला मोजके अपवाद आहेत. शाळेतील शिक्षकांच्या खोलीत एखाद्या मुलाचा बुद्ध्यांक चर्चेचा विषय होणे हा त्या अपवादांत बसत नाही. आपण पाहिलेल्या उत्तरपत्रिकेतील मुलाचे नाव व गाव वर दिलेले नाही, तेही याच कारणाने.

४) चाचणीची सुरक्षितता : वापरातील चाचण्यांचे प्रश्न जाहीर झाले की सराव करून आलेल्याचे गुण वाढतात आणि चाचणी निकामी होते. त्याचा तोटा ज्याला खरोखर मदत हवी आहे त्याला होतो.

५) योग्य अर्थनिर्णय : एका चाचणीवरून निर्णय घेऊ नये. इतिहास, निरीक्षण, मुलाखत यांची जोड द्यावी. भाषा, बोली, माध्यम, घरची परिस्थिती यांचा परिणाम अहवालात नोंदवावा.

६) निष्कर्ष सांगण्याची रीत : निष्कर्ष समजावून घेण्याचा परीक्षार्थीला वा पालकांना हक्क आहे. 'हा मंद आहे' या वाक्यात मूल संपते. 'याला वाचनासाठी अधिक वेळ व चित्रांची मदत लागते' या वाक्यात काम सुरू होते. दोन्ही वाक्ये एकाच गुणांकावरून लिहिता येतात. कोणते लिहायचे, हा प्रश्न भाषेचा आहे तितकाच नीतीचाही आहे.

४.३ सारांश

मानसशास्त्रीय चाचणी म्हणजे वर्तनाचा प्रमाणित नमुना होय. शिक्षण, मार्गदर्शन, निवड व चिकित्सा या क्षेत्रांत तिचा उपयोग होतो. प्रत्येक गुणांकात मापनत्रुटी असते, म्हणून तो मर्यादेसह वाचावा. परभाषेतील चाचणी नव्या समूहाला लावताना काय अनर्थ होतो, हे एलिस बेटावरील अनुभवातून दिसते. मराठीत नकार, लिंग, वाक्प्रचार, शब्दांची लांबी, बोली व लिपी यांचा विचार करूनच चाचणीचे अनुकूलन करावे लागते. सक्षमता, संमती, गोपनीयता, सुरक्षितता, योग्य अर्थनिर्णय आणि निष्कर्ष सांगण्याची रीत हे नैतिक मानदंड होत. चाचणी माणसाला मदत करण्यासाठी असते. ज्या अहवालातून पुढची मदत निघत नाही, तो अहवाल अपुरा समजावा.

४.४ पारिभाषिक शब्द

विश्वसनीयता – मापनातील सातत्य.
वैधता – जे मोजायचे तेच मोजले जाणे.
मानके – तुलनेसाठी समूहावरून काढलेली गुणकोष्टके.
अभिक्षमता – एखादे कौशल्य शिकण्याची अंगभूत पात्रता.
अनुकूलन – चाचणी दुसऱ्या भाषा-संस्कृतीस योग्य करून घेणे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) विशेष शिक्षणाची गरज असलेली मुले ओळखण्यासाठी. आ) तुलनेसाठी प्रातिनिधिक समूहावरून काढलेली गुणकोष्टके. इ) १५ × √०.१६ = ६.
प्रश्न २ : अ) 'मला सहज भीती वाटते.' आ) तो वऱ्हाडी बोलीच्या नियमानुसार झालेला उच्चार असून वस्तू अचूक ओळखलेली आहे. इ) भाषांतरित मजकूर, मूळ न पाहता, पुन्हा मूळ भाषेत नेणे.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१) मानसशास्त्रीय चाचण्यांचे उपयोग सांगून गुणांकाच्या मर्यादा स्पष्ट करा.
२) 'चाचणीचे भाषांतर म्हणजे चाचणीचे अनुकूलन नव्हे' या विधानाची मराठीच्या संदर्भात चर्चा करा.
३) टीप लिहा : सुजाण संमती.
४) क्षेत्रीय कार्य : आपल्या परिसरातील बोलीत प्रमाण मराठीहून वेगळे उच्चार होणारे पंधरा शब्द नोंदवा. ते शब्द एखाद्या चाचणीत उत्तर म्हणून आले, तर गुणदानाचा नियम काय असावा, हे आपल्या शब्दांत लिहा.